पूर्वेकडचा व्हरांडा

बाई, त्या खोलीचं दार कोणत्या बाजूला असावं यावरून आपलं जे भांडण चाललं होतं, ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. चंद्रपूरच्या दवाखान्यात, एका हाताला सलाईन लावलेलं असताना, दुसऱ्या हातानं तुम्ही माझ्या नकाशावर निळ्या पेनानं रेघ मारली आणि म्हणालात, "दार रस्त्याकडे." मी म्हणालो, दार ख्रिस्तमंदिराच्या आतून. नर्स रागावली. तुम्ही म्हणालात, उद्या बोलू. त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्हाला गावी आणलं ते गाडीत आडवं करून. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे, आणि माझं म्हणणं अजून संपलेलं नाही.

आज तेवीस दिवस झाले. मंडळीतले लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात, इतकं की कधीकधी वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. आपले शलमोनभाऊ, ज्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि बांधकाम समितीत तुमच्या प्रत्येक सूचनेला "नंतर पाहू" म्हटलं, ते शोकसभेत म्हणाले की सुलोचनाबाई म्हणजे शांतीची मूर्ती. मी खाली मान घालून बसलो होतो. तुम्हाला शांत बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी तुम्ही ओरडला असतात तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापर्यंत कसे आलो, ते तुम्हाला माहीत आहे. पण मला ते एकदा पहिल्यापासून सांगू द्या. तुम्ही होतात तोवर मी ते कधी सांगितलं नाही.

आपलं मंदिर शंभरीला टेकलेलं. मिशनच्या काळातल्या विटा, चुना, वर छपराला सागाच्या कैच्या आणि मातीचे कवेलू. खाली काळी माती, त्यामुळे उन्हाळ्यात भिंतींना बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात त्या आपोआप बुजायच्या. माकडं कवेलू फोडायची, वाळवीनं दोन कैच्या पोकळ केल्या होत्या. नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि पहिल्याच रविवारी वेदी दोन हात पुढे सरकवून घेतली.

नाताळ झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून तीन प्रश्न विचारले. आज आपली मंडळी कोणती सेवा करते? पुढच्या पंचवीस वर्षांत कोणती करणार? आणि त्यासाठी ही इमारत कशी असायला हवी? मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो, या भागातल्या कितीतरी शाळांचे आणि दवाखान्यांचे नकाशे माझ्या हातचे, म्हणून समितीचा निमंत्रक मीच झालो. मला आनंद झाला होता, बाई. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही काढायला सांगितलं नव्हतं.

मी दीड महिना खपून नकाशा केला. लोखंडी कैच्या, वर पत्रा, आतून छत. वेदीच्या मागे मोठा हॉल, त्यात मंच. खाली टाइल. समोर लग्नाच्या गाड्या वळतील एवढी मोकळी जागा. चारही बाजूंनी कंपाउंड आणि एक चांगलं फाटक. माझा हिशोब सरळ होता. रविवारी आपण जेमतेम चाळीस माणसं, त्यातली निम्मी पांढऱ्या केसांची. पोरं सगळी नागपूर, पुणे, हैदराबाद. इमारत देखणी झाली तर निदान लग्नाला तरी ती इथे येतील, लेकरांना आपलं मंदिर दाखवतील. उद्याची सेवा म्हणजे मला तेवढंच सुचलं होतं.

तुम्ही नकाशा भिंतीवरून काढून मांडीवर घेतलात, चष्मा पुसलात आणि विचारलंत, "पूर्वेकडचा व्हरांडा कुठी गेला?"

मी सांगितलं की तो पाडून तिथे हॉलचा जिना येतो.

तो व्हरांडा दवाखान्याच्या रस्त्याला लागून. जंगलातल्या गावांहून लोक पेशंट घेऊन यायचे. पेशंटला खाट मिळायची, सोबतच्यांना नाही. ती माणसं आपल्या व्हरांड्यात राहायची, अंगणात तीन दगडांची चूल मांडायची. किती वर्षांपासून, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांचे देव वेगळे, त्यांचा धर्म त्यांचा. मंदिराच्या आत ती कधी आली नाहीत. रविवारी आपण गाणी म्हणत असलो की बाहेर गाठोडी बाजूला सारून गप्प बसायची, आणि आपण निघालो की वाट द्यायची. तुम्ही दवाखान्यातून निवृत्त झालात तरी रोज सकाळी त्या व्हरांड्यात तुमची फेरी असायची. कुणाचे पाय सुजलेत, कुणाचं लेकरू दूध ओढत नाही, कुणाला सिकलसेलचा कागद वाचता येत नाही. तुमचं माहेर सिरोंच्याकडचं, घर तेलुगू; गोंडी तुम्ही नोकरीत शिकलात. मी इथेच जन्मलो, इथेच म्हातारा झालो, आणि मला गोंडी येत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात होतं. व्हरांडा बंद करून तिथे एक खोली करायची, लागून मोरी, संडास आणि नळ. दिवस भरत आलेल्या बायांना आधीच आणून ठेवता येईल. पावसाळ्यात नाले भरले की गावं तुटतात, मग कळा सुरू झाल्यावर बाजेवर घालून आणायला रस्ताच उरत नाही. तुम्ही म्हणालात, "मनोहर, तू म्हणते उद्याच्या लोकाईसाठी बांधून राह्यलो. मले ते लोक व्हरांड्यात दिसतेत. तुले कुठी दिसतेत?"

मी रागावलो होतो. खरं कारण तेव्हा मी समितीत सांगितलं नाही. बाजारात दोघा ओळखीच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की काय हो, तुमच्या चर्चात जंगलातल्या बाया काऊन झोपतात? आवाज चढवून नाही, हसूनच विचारलं. पण मी बाजार अर्धा टाकून घरी आलो. खोली बांधली की हेच विचारणारे उद्या पंचवीस होऊन येतील, असं मला वाटलं. हे मी फक्त तुम्हाला सांगितलं, रस्त्यात.

"त्याहिले सांग," तुम्ही म्हणालात, "झोप येते म्हणून झोपतात."

मला हसू आलं नाही. मतदान झालं, माझा नकाशा पास झाला, तुमच्या बाजूनं तुमचा आणि पाळकसाहेबांच्या बायकोचा हात वर होता. तुमच्या खोलीसाठी आम्ही "दुसरा टप्पा" असा शब्द लिहिला. खात्यात मी तो शब्द आयुष्यभर लिहिला होता. दुसरा टप्पा झालेली एकही इमारत माझ्या आठवणीत नाही.

उन्हाळ्यात काम लागलं. आधी कंपाउंड, मग फाटक. व्हरांड्यात सळाखी, वाळू आणि टाइलचे खोके येऊन पडले. सामान चोरीला जाऊ नये म्हणून फाटकाला कुलूप लावायचं ठरलं, आणि किल्ली माझ्याकडे. तपासणं मात्र तुम्ही सोडलं नाहीत. व्हरांडा मिळेना म्हणून तुम्ही आठवडी बाजारात कडुलिंबाखाली बसायला लागलात. बाया भाजी घ्यायच्या आधी तुम्हाला पोट दाखवून जायच्या.

तिथेच तुम्हाला सुनीता भेटली होती. एकोणीस-वीस वर्षांची, पहिलटकरीण, नाल्यापलीकडच्या गावची. हे मला नंतर कळलं. तुम्ही तिला तपासून सांगितलं होतं की ऑगस्टचा दुसरा आठवडा लागला की निघून ये, पंधरा दिवस आधीच ये, नाल्याचा भरवसा नाही. कुठे राहू, असं तिच्या सासूनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, चर्चापाशी ये, मी आहे.

आणि नेमक्या त्या आठवड्यात तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला भाच्याकडे होतात.

दुपारचे तीन वाजले असतील. पाऊस थांबलेला, पण सगळीकडे चिखल. मी सळाखी मोजायला गेलो होतो, आत शिरून फाटक लावून घेतलं होतं. तिघं बाहेर येऊन उभी राहिली. पुढे म्हातारी, मागे नवरा, मधे ती, कमरेवर हात ठेवून. डोक्यावर गाठोडं, भांडी, कोंबडं. दवाखान्यात त्यांना तपासून सांगितलं होतं की अजून वेळ आहे, आठ-दहा दिवसांनी या. म्हणून ती तुमच्याकडे आली होती. म्हातारीनं तुमचं नाव घेतलं. "सुलोचनाबाई?" मी म्हणालो, बाई नाही, नागपूरला गेल्या. नवऱ्याला थोडं मराठी येत होतं. त्यानं व्हरांड्याकडे बोट केलं.

किल्ली माझ्या खिशात होती. वाळूच्या एका बाजूला तीन माणसं झोपतील एवढी कोरडी जागाही होती, मला ती दिसत होती. मी म्हणालो, "काम चालू हाये. इथी नाई राहता येत. बसस्टँडवर शेड हाये, तिथी जा."

त्यानं मान हलवली, आणि तिघं वळली. मला हायसं वाटलं, बाई. हे लिहून खोडावंसं वाटतं, पण वाटलं होतं ते असंच वाटलं होतं. कटकट न होता प्रश्न मिटला, असं.

दोन दिवस ती बसस्टँडच्या शेडमध्ये होती. शेडला तीन बाजूंनी भिंत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की आठ दिवस असे काढण्यापेक्षा घरी जावं. गाडी मिळाली तिथवर गेली, पुढे पायी. नाल्यापाशी पोचेपर्यंत पाणी चढलं होतं आणि तिला कळा सुरू झाल्या. कुणाच्या तरी शेतातल्या खोपडीत सासूनं तिचं बाळंतपण केलं. मुलगी झाली. रक्त थांबलं नाही. नवरा पलीकडे माणसं बोलवायला पोहून गेला, आणि पाणी उतरून तो बाज घेऊन परत आला तेव्हा ती गेलेली होती.

गावात बातमी आली ती चार ओळींची. त्या गावच्या आशा कार्यकर्तीनं दवाखान्यात सांगितलं, तिथून मंडळीत आलं. समितीत हळहळ झाली. शलमोनभाऊ म्हणाले, नेमकं कुणी हजर नव्हतं, फाटक बंद होतं, देवाची इच्छा. मी तिथे बसलो होतो. कुणी हजर नव्हतं, असं ते धरून चालले, आणि मी ते तसंच राहू दिलं.

तुम्ही परत आलात ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. घरी न जाता थेट माझ्याकडे. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. तुम्ही नकाशा मागितलात. मी टेबलावर उलगडला. एका डोळ्यानं तुम्ही तो बराच वेळ पाहिलात.

"फाटक कुठी दाखवलं तू?"

मी बोट ठेवलं.

"आणि कुलूप?"

मी सांगितलं की नकाशात कुलूप दाखवत नाहीत. तुम्ही मान हलवलीत, जणू तेवढंच विचारायचं होतं. मग तुम्ही गप्प बसलात. बाहेर अंधारून येईपर्यंत तुम्ही त्या खुर्चीत होतात, आणि त्या वेळात मी तुम्हाला सगळं सांगितलं. तीन वाजता मी तिथे होतो. किल्ली खिशात होती. जागा होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. रागावलातही नाही. उठताना फक्त म्हणालात, "पाणी उतरलं की जाऊ. तू येजो."

यायचंच नव्हतं मला. तुम्हाला एकटीला एका डोळ्यानं चिखलातून जाऊ द्यायची लाज वाटली म्हणून आलो.

मोटारसायकल नाल्याअलीकडे ठेवून आपण पायी गेलो. तुमच्या चपला माझ्या हातात होत्या. गावात कुणी आपल्याला हाकललं नाही, आणि न हाकलण्याचीच मला जास्त भीती वाटत होती. सुनीताचा नवरा, त्याचं नाव रैनू हे तेव्हा कळलं, त्यानं बाज टाकली, तांब्यातून पाणी दिलं. त्यानं मला ओळखलं. मला दिसलं की ओळखलं. त्यानं तांब्या माझ्याही पुढे केला.

तुम्ही आधी लेकरू मागितलंत. शेजारणीनं स्वतःच्या पोरासोबत तिला अंगावर घेतलं होतं, म्हणून ती जगली होती. तुम्ही तिची बेंबी पाहिलीत, टाळू पाहिली, पिशवीतल्या वजनकाट्याला झोळी लावून वजन केलंत. मग हात धुवायला उठलात आणि ती पोरगी माझ्या हातात दिलीत. मुद्दाम दिलीत की जवळ मी होतो म्हणून, ते मी तुम्हाला कधी विचारलं नाही. एवढीशी होती. तिनं डोळे उघडले, आणि मला तिच्याकडे बघता येईना, म्हणून मी छपराकडे बघत बसलो.

मग तुम्ही सासूसमोर जमिनीवर बसलात आणि गोंडीत बोलायला लागलात. फार वेळ बोललात. मधे म्हातारी रडली, रैनू उठून बाहेर गेला आणि परत आला. तुम्ही थांबला नाहीत. मला एक शब्द कळत नव्हता. मी वाट पाहत होतो की आता माझ्याकडे बोट होईल, आता सगळे माझ्याकडे वळतील. तसं काही झालं नाही. शेवटी म्हातारीनं तुमच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आपण निघालो.

नाल्यापाशी मी विचारलं, काय सांगितलंत तुम्ही त्यांना? तुम्ही पाण्यात पाय घालत म्हणालात, "कुलूप आमचं होतं, असं सांगितलं."

माझं नाव घेतलंत का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आणि एवढा वेळ एवढंच एक वाक्य तुम्ही सांगत नव्हतात, हेही मला माहीत होतं. बाकीचं काय होतं, बाई? आठ महिने तुम्ही होतात. रोज भेटत होतो. मी विचारलं नाही, आणि आता ते सांगणारं कुणी नाही. मंडळीत मात्र तुम्ही शब्द काढला नाहीत. पाळकसाहेबांनासुद्धा नाही. तुम्ही मला झाकलंत की मला स्वतः बोलायला वेळ दिलात, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. झाकायचा तुमचा स्वभाव नव्हता. म्हणजे तुम्ही वाट पाहत होतात.

थंडीत मी नकाशा नव्यानं काढायला घेतला. हॉल लहान केला, जिना पश्चिमेला नेला, व्हरांडा जागेवर ठेवून त्याची खोली केली. तुम्ही रोज संध्याकाळी यायचात आणि चुका काढायचात. संडासाला पायरी नको, पोट आलेल्या बाईला चढवत नाही. खिडकी एवढी वर काऊन, बसल्या बसल्या दवाखाना दिसला पाहिजे. दाराची रुंदी मी नियमाप्रमाणे धरली होती. तुम्ही माझ्या मागच्या खोलीतली बाज उचललीत, एका बाजूला तुम्ही, एका बाजूला शेजारची मालन, आणि ती माझ्या दारातून काढून दाखवलीत. मालनची बोटं चौकटीला लागून सोलली. मी दार अर्धा फूट वाढवलं. इतक्या वर्षांत माझा नकाशा कुणी असा तपासला नव्हता.

त्याच मागच्या खोलीत सहा वर्षांपूर्वी माझी बायको लता अंथरुणाला खिळून होती. तेव्हा तुम्ही पाच महिने रोज आलात. तिला कुशीवर वळवायचं कसं, हे तुम्ही मला शिकवलंत. चादर आधी खालून गोळा करायची, मग आपल्याकडे ओढायची, माणसाला ओढायचं नाही. तिला दुखत असेल म्हणून मी हात लावायला घाबरायचो. तुम्ही माझे हात धरून चादरीवर ठेवलेत. त्यानंतर शेवटपर्यंत तिला मीच वळवलं. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. बोललो असतो तर तुम्ही विषय बदलला असता, पण मी बोलायला हवं होतं.

समितीनं नवा नकाशा पाहून घेतला. मालमत्ता ट्रस्टची, परवानगी नागपूरहून यावी लागते, हॉलची परवानगी आलेली आहे, आता बदल केला तर सगळं पुन्हा, असं सगळं झालं. पाळकसाहेब आपल्या बाजूचे, पण नवे आणि भिडस्त. काम थांबून राहिलं. मंदिरावर निम्मा पत्रा, निम्मे कवेलू. फेब्रुवारीत तुमचे पाय सुजले. तुम्ही स्वतःच्या नडगीवर बोट दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलंत आणि मला म्हणालात की किडन्या थकल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा चंद्रपूर सुरू झालं.

गाडीत आपण दाराबद्दल भांडायचो. मूल गावाच्या पुढे जंगल लागलं की तुम्ही जाग्या व्हायचात आणि मागच्या वेळी जिथे सोडलं तिथूनच सुरू करायचात. तुमचं म्हणणं, खोलीचं दार रस्त्याकडे उघडावं, मंदिरातून नको. खोलीवर क्रूस नको, पाटी नको. ती माणसं आपल्या देवाच्या दारातून आत यायला लाजतात, आणि लाजली तर ती येणार नाहीत. मी म्हणायचो, मग त्यात आपलं काय? मंडळीनं बांधायचं, झाडायचं, सांभाळायचं, आणि ते मंडळीचं आहे हे दिसायलाच नको? आतून दार असलं तर आपल्या माणसांना रोज त्या खोलीत डोकवावं लागेल. दार बाहेर गेलं की दोन वर्षांत आपण तिला विसरू, धर्मशाळा होईल तिची. तुम्ही म्हणायचात, "आपली माणसं डोकवतील? तू डोकवला होतास?"

पण तरीही मला तुमचं पूर्ण पटलेलं नाही, बाई. आजही नाही. मी त्या दुपारी तिथे उभा होतो म्हणूनच मला वाटतं की आपल्यासारख्यांना रस्ता त्यांच्यामधून जाणारा हवा. हे मी तुम्हाला उद्या सांगणार होतो.

तुम्हाला पुरलं त्या दिवशी ऊन इतकं होतं की पाळकसाहेबांनी वचन लवकर आटपलं. रैनू आला होता. तुम्ही गेल्याचं त्याला कसं कळलं, ठाऊक नाही. मुलीला खांद्यावर घेऊन तो फाटकाबाहेर उभा राहिला, आणि मी आत बोलावलं तरी आला नाही.

आणि परवा समिती बसली. विषय होता तुमचं स्मारक. शलमोनभाऊंनी सुचवलं की हॉलला तुमचं नाव द्यावं, मंचाच्या वर संगमरवरी पाटी बसवावी, म्हणजे थांबलेलं कामही मार्गी लागेल. सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्याकडे मजकूर लिहायचं काम आलं, माझं अक्षर चांगलं म्हणून.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ऑगस्टमधी फाटकापाशी कोणी नव्हतं, असं आपण समजून चाललो. मी होतो. किल्ली माझ्या खिशात होती. मीच त्याहिले जा म्हटलं. बाईले माहीत होतं."

शलमोनभाऊ हळूच म्हणाले की आता हे काढून काय उपयोग, मंडळीचं नाव खराब होईल. दुसरं कुणी म्हणालं, तुला तरी काय माहीत होतं पुढे काय होणार. पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हटलं. मी म्हणालो, प्रार्थनेच्या आधी मत घ्या, व्हरांड्याच्या खोलीवर. मत झालं. बाई, आपण हरलो. मागच्या वेळेपेक्षा तीन हात जास्त वर होते, पण हरलो. पुढच्या सभेत पुन्हा ठेवू, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला ठाम वाटला. निमंत्रकपद मी सोडलं. ते त्यांनी लगेच मान्य केलं. किल्ली मात्र कुणी परत मागितली नाही. कुणाला ती हातात घ्यायची नव्हती, असं मला वाटलं.

आज सकाळी मी जाऊन कुलूप काढलं. फाटक दोन्ही बाजूंनी उघडून मागे विटा लावल्या. विचारलं कुणालाच नाही. मग पायरीवर बसून राहिलो, कारण पुढे काय करायचं ते ठरवलं नव्हतं. दहाच्या सुमारास दवाखान्याकडून एक म्हातारी आली. सुनीताची सासू नव्हे, दुसरीच कुणी, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. काखेत गाठोडं, पदराला तेंदूची टेंभरं बांधलेली. तिनं उघडं फाटक पाहिलं, मला पाहिलं, आणि गोंडीत काहीतरी विचारलं. लांबच लांब वाक्य. त्यातला एकच शब्द मला कळला, तुमचं नाव.

मी उभा राहिलो. तुम्ही गेलात, हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. हातानं खूण करून तिला सोबत घेतलं, मंदिराच्या मागे कबरस्तानात नेलं आणि तुमच्या मातीसमोर उभा राहिलो. माती अजून बसलेली नाही, फुलं वाळून गेलीत. ती समजली. चपला काढल्या, खाली बसली, आणि बोलायला लागली, माझ्याशी नाही, तुमच्याशी. हळूहळू, न थांबता, बाजारातलं सांगावं तसं. मी थोडा दूर जाऊन उभा राहिलो. पदराची गाठ सोडून तिनं टेंभरं तुमच्याजवळ ठेवली, त्यातली दोन उचलून परत बांधली, आणि उठली.

परत आल्यावर ती व्हरांड्यापाशी थबकली. आत सगळी वाळू, टाइलचे खोके, गंजलेल्या सळाखी. तिनं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सळाखीचं एक टोक उचललं. दुसरं टोक जमिनीलाच टेकलेलं होतं, मला ओढवत नव्हतं. ती आली, वाकली, आणि तिनं ते धरलं. एकेक करून आम्ही सगळ्या सळाखी अंगणात नेऊन टाकल्या. मग वाळूला लागलो.